मांजरीला गोणत्यात भरण्याआधी रिपोर्ट पुन्हा वाचा

पत्राचा सारांश

वय २८, देवगड तालुक्यातली एक वाडी. दहावा आठवडा चालू आहे. गेल्या वर्षी सातव्या आठवड्यात गर्भपात झाला होता, म्हणून या वेळी डॉक्टरांनी नवव्या आठवड्यातच टॉर्च तपासणी (गर्भाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांची रक्ततपासणी) करून घेतली. रिपोर्टमध्ये टॉक्सोप्लाझ्माच्या (मांजराच्या विष्ठेतून पसरू शकणाऱ्या एका जंतूच्या) ओळीत आयजीजी पॉझिटिव्ह आहे आणि आयजीएमपुढे 'इक्विव्होकल' असा शेरा. रुबेला आणि सीएमव्ही या दोन विषाणूंचं आयजीजीही पॉझिटिव्ह. डॉक्टर सोमवारपर्यंत बाहेरगावी. तेवढ्यात मुंबईहून आत्येसासूबाईंचा फोन आला: "घरात मांजर आहे ना, तिच्यामुळेच गेल्या वेळचं पोट पडलं." घरातली मनी चार वर्षांची. सासरे म्हणतात, तिला गोणत्यात घालून बंदरावर सोडून येतो. सासूबाई गप्प आहेत, कारण मनी त्यांनीच वाढवलेली. शेजारणीच्या घरी स्पायरामायसिन या टॉक्सोप्लाझ्मावरच्या गोळ्यांची उरलेली पट्टी आहे, ती देऊ करतेय. नवरा मुंबईला, गणपतीला येणार. भाताची लावणी पंधरा दिवसांवर आली आहे. बाळात व्यंग असेल का, गर्भपात करून घ्यावा का, शेजारणीच्या गोळ्या सुरू कराव्यात का आणि मनीचं काय करावं, असे चार प्रश्न पत्रात आहेत.

उत्तर

ताई,

प्रश्न चार असले तरी चारही एकाच समजुतीवर उभे आहेत. रिपोर्ट पॉझिटिव्ह म्हणजे आजार झालाय, आणि आजार झालाय म्हणजे तो मनीने दिलाय. या दोन्ही 'म्हणजे'पाशी जरा थांबू.

आधी रिपोर्ट. आयजीजी आणि आयजीएम ही जंतूंची नावं नाहीत, तुमच्या रक्ताने जंतूविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्यं आहेत. टॉक्सोप्लाझ्मा अंगात शिरला की साधारण आठवड्याभरात आयजीएम दिसू लागतं. मागोमाग एक-दोन आठवड्यांनी आयजीजी येतं, आणि ते जन्मभर राहतं. म्हणून आयजीजी पॉझिटिव्हचा अर्थ एवढाच, की हा जंतू तुम्हाला कधीतरी भेटून गेलाय. शाळेत असताना असेल, माहेरच्या परड्यात मातीत खेळताना असेल. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. फार तर चार दिवस कणकण, मानेला एखादी न दुखणारी गाठ, आणि विषय संपतो.

हा जुना संसर्ग बाळाला धोका देत नाही, उलट आईच्या अंगात तयारी असल्यामुळे बाळाला सांभाळतो. गरोदरपणात काळजी असते ती त्याच काळात पहिल्यांदा होणाऱ्या संसर्गाची. त्यामुळे जिचं आयजीजी आणि आयजीएम दोन्ही निगेटिव्ह, तिला घरचे 'नॉर्मल आलं' म्हणून पेढे देतात. पण खाण्यापिण्याचं पथ्य सगळ्यात काटेकोर पाळायला हवं ते तिनेच. एचआयव्ही असेल, किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर जुना संसर्ग पुन्हा डोकं वर काढू शकतो. एचआयव्हीची तपासणी सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची होतेच. तुमची झाली नसेल तर करून घ्या.

आता तो 'इक्विव्होकल' शेरा. त्याचा अर्थ मशीनला हो की नाही ठरवता आलं नाही. आयजीएम म्हणजे ताजा संसर्ग, हे समीकरण शिकवायला सोपं, पण टॉक्सोप्लाझ्माच्या बाबतीत ते वारंवार चुकतं. एक तर हे आयजीएम काही जणींच्या रक्तात कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त रेंगाळतं. दुसरं, किट खोटं पॉझिटिव्हही दाखवतं. हा घोळ इतका होता की १९९७ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला डॉक्टरांना लेखी सावध करावं लागलं: नुसत्या आयजीएमच्या एका रिपोर्टवरून गरोदर बाईबद्दल निर्णय घेऊ नका. तुमच्याकडे तर पूर्ण पॉझिटिव्हही नाही, काठावरचा आकडा आहे.

मग ताजा की जुना, हे ओळखायचं कसं? त्यासाठी 'टॉक्सोप्लाझ्मा आयजीजी अ‍ॅव्हिडिटी' नावाची तपासणी आहे. अ‍ॅव्हिडिटी म्हणजे प्रतिद्रव्याची पकड. संसर्ग नवा असताना पकड सैल असते, महिने जातील तशी घट्ट होते. पकड घट्ट, म्हणजे रिपोर्टवर 'हाय अ‍ॅव्हिडिटी' आली, तर संसर्ग निदान तीन ते चार महिन्यांपूर्वीचा आहे. नेमके किती ते किटप्रमाणे बदलतं. आता तुमचा हिशेब करू. आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीपासून, म्हणजे दहाव्या आठवड्यात गर्भ प्रत्यक्षात आठच आठवड्यांचा असतो. तीन महिने धरले तरी संसर्ग गर्भ राहण्याच्या महिनाभर आधीचा ठरतो, आणि सगळी चिंता तिथेच मिटते. ही तपासणी लवकर केली तरच असा दिलासा देते. सहाव्या महिन्यात हाय अ‍ॅव्हिडिटी आली, तर 'चार महिन्यांपूर्वी' हेसुद्धा गरोदरपणातच येतं, त्यातून काही सुटत नाही. म्हणून ती आता करायची, गणपतीनंतर नाही.

आणि 'लो अ‍ॅव्हिडिटी' आली तर? तर घाबरायचं नाही, कारण हे उलट बाजूने खरं नाही. काही जणींची पकड वर्षभर सैलच राहते. अशा वेळी दोन ते तीन आठवड्यांच्या अंतराने दुसरं रक्त घेऊन आयजीजीचा आकडा बघतात. जवळपास तेवढाच राहिला तर संसर्ग जुना, स्पष्ट चढला तर नवा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे पहिला नमुना एका लॅबचा आणि दुसरा दुसऱ्या लॅबचा. किट बदललं की आकडे बदलतात. एकीचे ९० आणि दुसरीचे १८० म्हणजे दुप्पट झालं असं नव्हे. लॅब एकच ठेवा, आणि जमलं तर दोन्ही नमुने एकाच वेळी, एकाच किटवर लावायला सांगा. त्यासाठी पहिला नमुना शिल्लक असावा लागतो, आणि लॅब तो थोडेच दिवस ठेवतात. म्हणून डॉक्टरांची वाट न बघता आजच लॅबला फोन करून "माझा सिरमचा नमुना टाकू नका, जपून ठेवा" एवढं सांगा.

रिपोर्टमधल्या बाकीच्या ओळींनीही तुम्ही धास्तावलेल्या दिसता. रुबेलाचं आयजीजी पॉझिटिव्ह ही तर चांगली बातमी. लस किंवा लहानपणचा आजार यामुळे तुम्ही सुरक्षित आहात. सीएमव्हीचं आयजीजी आपल्याकडे बहुतेक मोठ्या माणसांत सापडतं. टॉर्च म्हणजे चार-पाच वेगवेगळ्या तपासण्यांची मोळी आहे, आणि ती सरसकट बांधून करून घेण्यात फारसा अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. एका प्रश्नाचं उत्तर हवं असताना दहा आकडे हातात येतात आणि त्यातला एखादा लाल अक्षरात छापलेला असतोच.

गेल्या वर्षीच्या गर्भपाताचं ओझंही तुम्ही याच रिपोर्टवर टाकलंय. पहिल्या तीन महिन्यांतले गर्भपात जवळजवळ निम्म्या वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतल्या चुकीमुळे होतात. ती चूक बीज जुळतानाच घडते. आईने काय खाल्लं, काय उचललं, कोणाला कुरवाळलं याच्याशी तिचा संबंध नसतो. टॉक्सोप्लाझ्माच्या ताज्या संसर्गाने गर्भपात होऊ शकतो, पण जुन्या संसर्गाने एकामागून एक पोटं पडतात, ही समजूत खोटी आहे. वारंवार गर्भपाताचं कारण शोधताना टॉर्च करून घ्यायची पद्धत त्यामुळेच मागे पडायला हवी होती. आपल्याकडे ती अजून जोरात आहे. आत्येसासूबाईंनी फोनवर जे सांगितलं ते गावोगाव सांगितलं जातं. त्यांच्या मनात वाईट नाही, पण तुम्ही स्वतःला दोष द्यावा असं त्यात काहीही नाही.

समजा, सगळ्या तपासण्यांनंतर संसर्ग खरोखर ताजा निघाला. तरी तो बाळापर्यंत गेलाच असं नाही. पहिल्या तिमाहीत औषधाशिवायही शंभरातल्या साधारण १० ते १५ जणींमध्येच तो वार ओलांडून बाळाकडे जातो. शेवटच्या तिमाहीत हे प्रमाण ६० च्या वर जातं, पण तेव्हा बाळाला होणारी इजा बहुधा सौम्य असते. लवकर झाला तर पोचण्याची शक्यता कमी, पण पोचला तर मेंदूला आणि डोळ्यांना त्रास जास्त. त्यासाठीच स्पायरामायसिन देतात, दिवसातून तीनदा १ ग्रॅम, म्हणजे ३० लाख युनिट. ते वारेत साठतं आणि जंतूला पलीकडे जाण्यापासून अडवतं. बाळाला आधीच संसर्ग झाला असेल तर मात्र त्याचा उपयोग होत नाही. बाळाला झालाय का, हे १८ आठवड्यांनंतर आणि संसर्गाला निदान चार आठवडे उलटल्यावर गर्भजलाच्या पीसीआर तपासणीने बघतात. तसं निघालं तर पायरिमेथामिन, सल्फाडायझिन आणि फॉलिनिक अ‍ॅसिड ही तिकडी देतात. यातलं पायरिमेथामिन पहिल्या तिमाहीत वर्ज्य. ते रक्तपेशी घटवतं म्हणून ते चालू असताना रक्ताची तपासणी वरचेवर करावी लागते, आणि त्यावर उतारा म्हणून फॉलिनिक अ‍ॅसिड असतं. मेडिकलच्या दुकानात 'फॉलिनिक नाही, फॉलिक देतो, एकच आहे' असं सांगतील. एकच नाही, फॉलिक त्याची जागा घेत नाही. तुम्ही सध्या घेताय ती रोजची फॉलिक अ‍ॅसिडची गोळी वेगळी. ती बाळाच्या मणक्यासाठी आहे, ती चालू ठेवा.

शेजारणीची पट्टी घेऊ नका. औषध धोकादायक आहे म्हणून नव्हे. स्पायरामायसिन गरोदरपणात तसं सुरक्षित मानतात. पण उरलेल्या आठ-दहा गोळ्यांनी काही साधत नाही, आणि औषध चालू झालं की प्रतिद्रव्यांची पकड घट्ट व्हायला वेळ लागतो. म्हणजे जी तपासणी तुम्हाला मोकळं करणार होती, तिचाच निकाल गढूळ होतो. आधी रक्त, मग गोळी. डॉक्टरांनी खबरदारी म्हणून लगेच सुरू करायला सांगितलं तरी अ‍ॅव्हिडिटीचं रक्त त्याआधी काढून घ्या.

गर्भपात करावा का, याचं उत्तर आज तरी सरळ 'नाही' असं आहे, कारण बाळाला काही झाल्याचा एकही पुरावा तुमच्याकडे नाही. वेळ निघून जाईल ही भीती असेल, तर २०२१ च्या दुरुस्तीनंतरच्या कायद्यात २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर गर्भपात करता येतो, आणि गर्भात गंभीर व्यंग असेल तर २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळ परवानगी देऊ शकतं. त्याआधी १८ ते २० आठवड्यांची सविस्तर सोनोग्राफी आहेच. मेंदूतल्या पोकळ्या मोठ्या दिसणं, कॅल्शियमचे ठिपके, पोटात पाणी या खुणा तिच्यात बघतात.

आता मनी.

हा जंतू आपली पुढची पिढी फक्त मांजराच्या कुळात वाढवतो. गाय, बकरी, कुत्रा, कोंबडी यांच्या विष्ठेतून तो पसरत नाही, त्यामुळे शेणाने खळं सारवायला याच्यापुरती हरकत नाही. (बिबट्या मांजराच्याच कुळातला, पण त्याची घाण काढायची वेळ तुमच्यावर येणार नाही.) मांजराला पहिल्यांदा संसर्ग होतो तेव्हा ते एक ते तीन आठवडे विष्ठेतून लाखो अंडकोष्ठ (जंतूची अंड्यासारखी कवचं) टाकतं, आणि त्यानंतर सहसा पुन्हा टाकत नाही. हे घडतं बहुधा पिल्लू पहिल्यांदा उंदीर मारू लागतं तेव्हा. मनी चार वर्षांची आहे. ती उंदीर-घुशी धरत असेल तर तिचा तो काळ केव्हाच होऊन गेला असण्याची शक्यता दांडगी आहे. शिवाय ताजी विष्ठा लगेच संसर्ग देत नाही. अंडकोष्ठ पिकायला एक ते पाच दिवस लागतात. मांजर स्वतःला चाटून लख्ख ठेवतं, त्यामुळे तिच्या केसांवर असे पिकलेले अंडकोष्ठ सहसा नसतात. मांडीवर बसली, अंगावरून हात फिरवला, यातून धोका नगण्य.

सन २००० मध्ये युरोपातल्या सहा शहरांत गरोदर स्त्रियांवर केलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात संसर्गाचं मुख्य कारण निघालं अर्धवट शिजलेलं मांस, त्याखालोखाल मातीशी संबंध. घरात मांजर असण्याचा वेगळा दोष दिसला नाही. तिथलं खाणं आणि आपलं खाणं वेगळं, हे मान्य. आपल्याकडे मटण कुकरमध्ये गाळ होईपर्यंत शिजतं, म्हणून माती आणि पाण्याचं पारडं जास्त जड असावं असं मला वाटतं. पण मनीला हाकलून माती काही स्वच्छ होत नाही. परड्यात शेजारचे दोन बोके येतातच, आणि मनी गेली की तिची जागा बहुधा एखादं अर्धवट वाढलेलं पिल्लू घेईल, म्हणजे नेमकं जे नको तेच. शिवाय भाताच्या कणगीजवळ उंदीर माजले तर पावसाळ्यात लेप्टोची भीती, आणि ती सिंधुदुर्गात कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

तर मनी राहू दे. तिला मटणाचे कच्चे तुकडे, कोंबडीची आतडी घालू नका. भात आणि उकडलेलं मासळीचं डोकं पुरे. नवीन पिल्लू बाळंतपण होईपर्यंत घरात घेऊ नका. खोक्यात किंवा घमेल्यात वाळू ठेवत असाल तर ती रोज, चोवीस तासांच्या आत, दुसऱ्या कोणी तरी काढावी आणि भांड्यात उकळतं पाणी ओतावं. फिनेल किंवा ब्लीचिंग पावडरने हे अंडकोष्ठ मरत नाहीत. उकळत्या पाण्याने मरतात.

पण वाडीतलं मांजर खोक्यात कशाला जाईल? ते जातं मऊ, कोरड्या मातीत. माडाच्या आळ्यात, पातेऱ्याच्या ढिगाखाली, मिरचीच्या वाफ्यात आणि बांधकामासाठी टाकलेल्या वाळूच्या ढिगात. अंडकोष्ठ ओल्या, सावलीच्या मातीत वर्षभरही तग धरतात, आणि आपल्या बागा ओल्या आणि सावलीच्याच. वाळूचा ढीग असेल तर आजच ताडपत्रीने झाका आणि कडांना चिरे ठेवा. आळी खणणं, पातेरा गोळा करणं, वाफे भाजणं ही कामं या वर्षी दुसऱ्याकडे द्या. मे महिन्यासारखी कोरडी धूळ असेल तेव्हा झाडण्याआधी पाणी शिंपडा, म्हणजे ती नाकातोंडात जात नाही.

लावणीबद्दल तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण पत्रात ती डोकावतेच. टॉक्सोप्लाझ्मा कातडीतून शिरत नाही, तोंडातून शिरतो. चिखलात अनवाणी उभं राहिल्याने तो होणार नाही, पण चिखलाच्या हाताने पान लावलं, भाकरी मोडली, तोंड पुसलं तर होऊ शकतो. लेप्टोचा जंतू मात्र पायाच्या भेगांतूनही शिरतो. म्हणून दोन्ही मिळून विचार केला तर या वर्षी तुम्ही शेतात उतरू नये हेच बरं, आणि हे सासूबाईंना सांगताना 'मला जमत नाही' असं न म्हणता 'डॉक्टरांनी चिखल वर्ज्य केलाय' असं सांगा. उतरावंच लागलं तर लांब रबरी हातमोजे, गमबूट, आणि खाण्याआधी साबणाने नखांच्या आतून घासून हात धुवायचे.

स्वयंपाकघरात तीन जागा सांभाळा. पहिली, विळी. मटण किंवा कोंबडी कापून त्याच आडाळीवर कोशिंबिरीचं तवसं चिरलं, की मटण कितीही शिजवा, उपयोग नाही. आधी कच्चं खायचं चिरा, मटण शेवटी, मग विळी, पाट आणि हात साबण लावून गरम पाण्याने धुवा. मटणातला जंतू ७० अंशांच्या आसपास मरतो, त्यामुळे कुकरमधल्या मटणाची काळजी नको. काळजी तव्यावर परतलेल्या कलेजीची, शिगेवरच्या कबाबाची आणि मीठ बघायला तोंडात टाकलेल्या अर्ध्या कच्च्या तुकड्याची. मीठ रश्श्यातून बघा, तोही उकळल्यावर. फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर मांस काही दिवस राहिलं तर जंतू मरतात, पण पावसाळ्यात दिवसातून चार वेळा लाईट जाते तिथे फ्रीजरच्या भरवशावर राहू नका. शिकारीचं रानडुक्कर कोणी आणून दिलं तर कायदा बाजूला ठेवला तरी तुमच्या ताटात ते नको. कालवं आणि तिसऱ्या हे शिंपल्यातले जीव पाणी गाळूनच जगतात, त्यामुळे ओहोळातून आलेलं सगळं त्यांच्यात साठतं. खडकावरून काढून कच्चं कालव चाखायची सवय असेल तर ती थांबवा, आणि तिसऱ्यांचं तोंड उघडल्यावर आणखी पाच मिनिटं उकळी येऊ द्या.

दुसरी जागा, पालेभाजी आणि कोथिंबीर. मिठाचं पाणी, व्हिनेगर, पोटॅश यांनी अंडकोष्ठ मरत नाहीत. ते घासून आणि पाण्याने वाहून जावे लागतात. जुडीचा मुळाकडचा भाग कापून टाका, पानं सुटी करा, मोठ्या पातेल्यात पाणी भरून त्यात खळबळा आणि पाच मिनिटं ठेवा. मग पानं हाताने वर उचलून काढा. पातेलं चाळणीत ओतायचं नाही, नाहीतर तळाशी बसलेली रेव पुन्हा पानांवरच येते. ही चूक बहुतेक घरांत होते. तळाला वाळू दिसेनाशी होईपर्यंत पाणी बदला, साधारण तीन वेळा, आणि शेवटी वाहत्या पाण्याखाली धरा. टाकळा, फोडशी, माठ शिजणारच आहेत, त्यांना एवढं पुरतं. सोलकढीवरची कोथिंबीर, कांद्याची पात, मुळ्याचा पाला हे कच्चं जातं, तिथे आळस नको. तवसं साल काढून. झाडाखाली पडलेला आंबा धुतल्याशिवाय तोंडाला लावायचा नाही.

तिसरी, पाणी. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकली म्हणून निर्धास्त राहू नका. क्लोरीनला हे अंडकोष्ठ दाद देत नाहीत. २००४-०५ मध्ये कोइम्बतूरला डोळ्यांच्या टॉक्सोप्लाझ्माची साथ आली, तेव्हा संशय पिण्याच्या पाण्यावरच गेला. पावसाळ्यात विहिरीत गढूळ पाणी उतरलं की पाणी फडक्याने गाळून एक मिनिट खळखळून उकळा. बकरीचं निरसं दूध ताकदीसाठी म्हणून कोणी दिलं तर तेही उकळूनच.

आयजीजी जुनं ठरलं तर हे सगळं इतकं कडक पाळायची गरज उरणार नाही, तरी हगवण, जंत आणि लेप्टोसाठी ते उपयोगीच आहे. तुमच्या वाडीत ज्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आलाय त्यांच्यापर्यंत मात्र हे नक्की पोचवा.

सोमवारी डॉक्टरांकडे जाताना मूळ रिपोर्ट न्या, त्यावर पेनाने शेवटच्या पाळीची तारीख आणि रक्त काढल्याची तारीख लिहा. गेल्या तीन-चार महिन्यांत ताप, गाठी, अंगदुखी झाली असेल तर केव्हा, तेही लिहा. पूर्वी कधी, गेल्या गर्भपाताच्या वेळी किंवा लग्नाआधी, टॉर्च झाली असेल तर तो जुना कागद घरभर शोधा. त्यावर टॉक्सोप्लाझ्माचं आयजीजी पॉझिटिव्ह असेल तर अ‍ॅव्हिडिटीचीही गरज नाही, प्रश्न तिथेच सुटला. नसेल तर विचारा, "अ‍ॅव्हिडिटी कुठे होईल?" छोट्या लॅब नमुना मुंबई-पुण्याला पाठवतात, त्यासाठी रिपोर्टला काही दिवस धरा. ओरोसच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात किंवा गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात आधी फोन करून चौकशी केलीत तर एक हेलपाटा वाचेल. जाताना सासूबाईंना सोबत घ्या. मनीबद्दल डॉक्टर काय सांगतात ते त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं, तर सासऱ्यांशी आणि मुंबईच्या फोनशी त्याच बोलतील. आणि निघण्याआधी ती पट्टी शेजारणीला परत देऊन या.